दुप्पट दर, निम्मी कामे : महाराष्ट्रातील किमान शेतमजुरीची वाटचाल

महाराष्ट्रात रानातल्या आणि शेतातल्या मजुरीचा किमान दर कायद्याने ठरण्याआधी तो संपाने ठरला. १९४५ चा पावसाळा सरला आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव व डहाणू तालुक्यांतल्या वारली मजुरांनी गवत कापायला नकार दिला. या भागातले गवत गाठी बांधून मुंबईला जाई. तबेल्यांतल्या म्हशी त्यावर जगत आणि सावकार-जमीनदारांचा मोठा नफा त्यातून निघे. कापणाऱ्याच्या हाती मात्र मालक देईल तेवढेच पडे. मजुरांनी एकच आकडा पुढे केला : ५०० पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये. त्याखाली कोणीही विळा हाती घ्यायचा नाही.

या संपामागे वर्षभराची तयारी होती. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली आणि मे महिन्यात झरी येथे वारल्यांची पहिली मोठी सभा भरली. किसान सभेचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने तिथे वेठ बंद करण्याचा निर्णय झाला. मालकाच्या शेतावर फुकट राबायचे नाही, हे एकदा ठरल्यावर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला : मग राबायचे ते किती दराने? १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी मरण पावले. तरीही संप मोडला नाही. गवताचा हंगाम थोडा असतो. ते उभ्या उभ्या वाळून गेले तर मालकाच्या हाती काहीच उरत नाही. बऱ्याच ठिकाणी मालकांना नवा दर मान्य करावा लागला. पुढच्या वर्षी जंगलतोडीच्या कामासाठी दिवसाला सव्वा रुपयाची मागणी घेऊन मजूर पुन्हा उभे राहिले.

या लढ्यातली एक गोष्ट पुढच्या साऱ्या इतिहासाला लागू पडते. अडीच रुपयांचा दर कोणत्याही कागदावर नव्हता. त्याखाली काम न करणारी माणसे एकजुटीने उभी होती, म्हणून तो टिकला. दर टिकवायचा असेल तर मजुराला 'नाही' म्हणता आले पाहिजे आणि 'नाही' म्हटल्यावर त्या रात्री घरात चूलही पेटली पाहिजे. वारल्यांनी हे संघटनेच्या बळावर काही हंगाम साधले. कायद्याला ते साधायला फार वर्षे लागली.

कायद्याची सुरुवात मात्र त्याच सुमारास झाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ११ एप्रिल १९४६ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. ते मंजूर होईपर्यंत देश स्वतंत्र झाला होता आणि मजूर खाते जगजीवनराम यांच्याकडे आले होते. १५ मार्च १९४८ पासून कायदा लागू झाला. त्याच्या अनुसूचीचे दोन भाग होते. पहिल्या भागात विडी, तेलगिरण्या, भातगिरण्या, कातडी कमावणे, रस्ते व इमारतीची कामे असे उद्योग होते. दुसऱ्या भागात एकटी शेती होती.

शेती वेगळी ठेवण्यामागे कारण होते. कारखान्याला दरवाजा असतो, हजेरीबुक असते, पगाराचा दिवस असतो. शेतात यातले काहीच नाही. मजुरी कधी पैशांत, कधी ज्वारीत, कधी कापलेल्या पेंढ्यांच्या वाट्यात मिळते. सालगड्याने उचल घेतलेली असते आणि त्याचा दिवसाचा दर काढायचा तर हिशेब कुठून धरायचा हेच कळत नाही. निरीक्षक नेमले तरी एका तालुक्यात शेकडो शेते. या अडचणी खऱ्याच होत्या. पण त्यांच्या जोडीला राजकारणही होते. राज्याच्या विधिमंडळात बसणारे बहुतेक सदस्य जमीन बाळगणाऱ्या घरांतले होते. शेतमजुराचा दर वाढवणे म्हणजे आपल्याच गोतावळ्याचा खर्च वाढवणे होते. शेतीसाठी दर ठरवण्याची मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली, ती या दोन्ही कारणांमुळे.

किमान वेतन म्हणजे नेमके किती, हेही कायद्याने सांगितले नव्हते. १९५७ मध्ये भारतीय श्रम परिषदेच्या १५ व्या अधिवेशनाने त्याचे माप ठरवले : कमावत्या माणसासह कुटुंबाचे तीन घटक धरायचे, प्रत्येकी दिवसाला २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाने क्राउन अ‍ॅल्युमिनियम वर्क्सच्या खटल्यात स्पष्ट केले की, जो उद्योग आपल्या कामगारांना किमान वेतनही देऊ शकत नाही, त्याला चालू राहण्याचा हक्क नाही. गिरणीला हे तत्त्व लावता येते. दोन एकर कोरडवाहू जमिनीच्या मालकाला ते कसे लावायचे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या त्या अडचणीआड बागायतदारही सुरक्षित राहिला.

दुसऱ्या टोकाला तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातला शहादा तालुका होता. इथे पाणी आले, ऊस-केळी आली, पण भिल्ल सालदारांची स्थिती पालटली नाही. उलट बऱ्याच आदिवासींच्या जमिनी बड्या शेतकऱ्यांकडे गेल्या. १९७०-७२ या काळात अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या साथीदारांनी जमीन व मजुरी या दोन्ही प्रश्नांवर आदिवासींना उभे केले आणि श्रमिक संघटना स्थापन झाली. बागायतदारांनी पीक संरक्षणाच्या नावाखाली रखवालदार ठेवले. डहाणूत २५ वर्षांपूर्वी घडले त्याचीच ही पुढची पायरी होती. जिथे संघटना पोचली तिथे मजुरीचा दर हलला, जिथे पोचली नाही तिथे कायद्याचा कोणाला पत्ताही नव्हता.

सरकारी बाजूने या प्रश्नाला हात घातला तो विठ्ठल सखाराम पागे यांनी. सांगली जिल्ह्यातले हे गांधीवादी कार्यकर्ते १९६० पासून विधान परिषदेचे सभापती होते. शेतमजुरांची रोजगार-स्थिती आणि किमान वेतन यांचा अभ्यास करण्यासाठी राज्य सरकारने १९६६ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच सुमारास पागे आणखी एका कल्पनेचा पाठपुरावा करत होते. १९६५ च्या आसपास तासगाव तालुक्यातल्या काही गावांत त्यांच्या सूचनेवरून एक प्रयोग सुरू झाला : जो काम मागेल त्याला गावाजवळ काम द्यायचे.

एकाच माणसाच्या हातून ही दोन्ही कामे झाली, हे महत्त्वाचे आहे. मजुरीचा दर आणि कामाची हमी ही एकाच प्रश्नाची दोन अंगे आहेत, हे या प्रयोगातून दिसले. पाऊस संपल्यावर ज्याला चार-पाच महिने कामच नाही, त्याच्यासाठी राजपत्रात छापलेला दर व्यर्थ असतो; मालक जे देईल ते तो घेतो, कारण न घेतले तर काहीच नाही. सरकार ठरलेल्या दराने काम द्यायला गावाबाहेर उभे राहिले, तर मात्र त्या दराखाली मजूर मिळणे मालकाला कठीण होते. निरीक्षकाने करायचे काम मग पाझर तलावावरची मजुरीच करते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरच्या आपल्या अभ्यासात ग्रामीण कामांचा हाच मार्ग सुचवला होता.

त्यानंतर दुष्काळ आला. १९७० पासून पाऊस हात आखडत होता आणि १९७२ मध्ये राज्याचा मोठा भाग कोरडा पडला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. सरकारने गावोगावी खडी फोडण्याची, रस्त्यांची, तलावांची कामे काढली. मे १९७३ मध्ये या कामांवर रोज सुमारे ५० लाख माणसे होती. परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी, मुलांना आणि बायांना वाटली जाणारी सुकडी, उन्हात खडीच्या ढिगाशी बसलेली सबंध कुटुंबे : त्या पिढीने हे सगळे भोगले आणि पुढच्या पिढीला सांगितले. एवढ्या मोठ्या दुष्काळात भूकबळींची लाट आली नाही, याचे मोठे श्रेय या कामांना जाते. लोकांच्या हाती मजुरी होती, म्हणून धान्याचे व्यापारी गावापर्यंत आले.

रोजगार हमी योजना १९७२ मध्येच राज्यभर जाहीर झाली होती. दुष्काळी कामांच्या रेट्यात ती मागे पडली आणि दुष्काळ ओसरल्यावर तिला खरा आकार आला. १९७५ चा व्यवसाय कर तिच्यासाठीच लागू झाला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून दरमहा कापली जाणारी ती छोटी रक्कम बीड-सोलापूरच्या बांधावर पोचणार होती. विक्रीकर, मोटार वाहन कर आणि बागायती जमिनीवरचा अधिभार यांचा हिस्साही या निधीत येई आणि जमलेल्या करांइतकीच रक्कम राज्याने घालायची होती. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचे. नाही दिले तर दिवसाला एक रुपया बेकारभत्ता. घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदातला काम करण्याचा हक्क एका राज्याने पहिल्यांदाच आपल्या कायद्यात आणला.

योजनेवरचा दर शेतमजुरीच्या किमान दराशी बांधलेला होता, पण तो दिवसाचा दर नव्हता. कामाच्या मोजमापाचे भाव असे बसवायचे की साधारण ताकदीच्या माणसाने सात तास मन लावून काम केले तर त्याच्या हाती त्या भागातली किमान शेतमजुरी पडावी. प्रत्यक्षात हे कसे घडे ते बांधावर गेल्याशिवाय समजत नाही. दहा-बारा जणांची टोळी चौकोनी खड्डा खणायला घेई. पुरुष टिकावाने माती सुटी करी, बाया घमेली भरून ती तलावाच्या भिंतीवर टाकत. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब न खोदता तसाच ठेवायचा, म्हणजे मूळ जमीन किती उंच होती हे मोजणाऱ्याला कळे. आठवड्याने किंवा पंधरवड्याने अभियंता येई, टेप धरी, लांबी-रुंदी-खोली घेई आणि मोजमाप पुस्तकात आकडे भरी. मग प्रश्न येई मातीच्या जातीचा. ती साधी माती आहे, मुरूम आहे की कठीण मुरूम? माती किती लांब वाहून नेली आणि किती उंच चढवली? एका शेऱ्याने टोळीची मजुरी दीडपट होई किंवा निम्मी. खड्ड्यात मुरूम लागला आणि पुस्तकात माती लिहिली गेली, तर राजपत्रातला किमान दर त्या टोळीपर्यंत कधीच पोचत नसे. रोजगार हमीच्या मजुरांनी काढलेल्या असंख्य मोर्च्यांची मागणी हीच असे : मोजमाप नीट करा, आमच्यासमोर करा आणि वेळेवर पैसे द्या.

एका बाबतीत योजनेने गावातली जुनी रीत मोडली. मोजमापावर भाव असल्याने बाईचा दर वेगळा आणि पुरुषाचा वेगळा असे करता येत नव्हते. खाजगी शेतावर खुरपणाऱ्या बाईला पुरुषाच्या कितीतरी कमी मिळे. इथे खणलेली माती मोजली जाई. गोखले संस्थेच्या कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत या कामांवर स्त्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे आढळले. घराजवळ, ओळखीच्या बायांबरोबर, मुकादमाच्या मर्जीवर फारसे अवलंबून नसलेले काम त्यांना मिळाले आणि त्या संख्येने आल्या. मृणाल गोरे यांच्यासारख्या समाजवादी नेत्या, दत्ता देशमुखांचा लाल निशाण पक्ष, पन्नालाल सुराणा यांच्यासारखे कार्यकर्ते यांनी या मजुरांचे प्रश्न लावून धरले. महाराष्ट्रातल्या असंघटित ग्रामीण मजुराला सरकारशी भांडायला पहिल्यांदाच एक ठिकाण मिळाले होते.

जमीनवाल्यांनी ही योजना का खपवून घेतली, हा प्रश्न अभ्यासकांनी बराच चघळला आहे. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ मध्ये दाखवले की, योजनेतून झालेले पाझर तलाव, नालाबंडिंग आणि रस्ते यांचा मोठा लाभ जमीन असणाऱ्यांनाच झाला. विहिरींचे पाणी वाढले ते त्यांचे. शिवाय शेतीच्या हंगामात कामे बंद ठेवायची असा दंडक होता; कामाच्या टंचाईच्या महिन्यांत मजूर गावाजवळच राहत, सुगीला हाताशी मिळत. कर भरायचा शहराने, मालमत्ता वाढायची गावची. या सौद्याचा आधार मात्र एकच होता : योजनेवरची मजुरी बाजारातल्या मजुरीपेक्षा फारशी वर जाता कामा नये. ती कमी होती तोवर फक्त खरे गरजूच कामावर येत आणि मागेल त्याला काम देणे तिजोरीला परवडे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत हा तोल टिकला. १९८५-८६ मध्ये योजनेवर सुमारे १९ कोटी मनुष्यदिवसांचे काम झाले. सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातील कानझरा या दोन गावांत इक्रिसॅट संस्थेने घरोघरच्या नोंदी ठेवल्या होत्या. गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हेलियन यांनी त्या तपासल्या, तेव्हा असे दिसले की योजनेवर जाण्यासाठी मजुराने दुसरीकडची जी कमाई सोडली, ती मिळालेल्या मजुरीच्या साधारण चतुर्थांश होती. म्हणजे उरलेले तीन हिस्से निव्वळ वाढ. ज्या दिवसांत दुसरे काहीच काम नव्हते, त्या दिवसांत ही मजुरी आली होती.

तरीही दर फार कमी होता, हे नाकारून चालणार नाही. शेतमजुरीचे किमान दर राज्यातल्या परिमंडळांनुसार वेगवेगळे असत; १९८३ मध्ये ठरलेली सर्वांत खालच्या परिमंडळातली शेतमजुरी दिवसाला ६ रुपये होती आणि पुढच्या पाच वर्षांत महागाईने तिचे मोल घटत गेले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला, ज्याने साऱ्या देशातल्या सरकारी कामांचा पाया बदलला. राजस्थानात दुष्काळी कामांवर कामगार कायदे लागू नसावेत, असा १९६४ चा एक कायदा होता. तिलोनिया येथील सामाजिक कार्यकर्ते संजित रॉय यांनी त्याला आव्हान दिले. अजमेर जिल्ह्यातल्या एका रस्त्याच्या कामावर ७ रुपयांचा किमान दर असताना अनेक मजुरांना त्याहून कमी मिळत होते. न्या. भगवती आणि न्या. पाठक यांच्या पीठाने सांगितले की, किमान वेतनाखाली काम करून घेणे म्हणजे घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने मनाई केलेली वेठ आहे. दुष्काळ पडला म्हणून सरकारला माणसाच्या लाचारीचा फायदा घेता येणार नाही. झरीच्या सभेत वारल्यांनी वेठ नाकारली होती. ३८ वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने किमान दराखालच्या मजुरीला तोच शब्द लावला. हा निकाल न्याय्य होता आणि त्यामुळे सरकारला यापुढे दोनच वाटा उरल्या : शेतमजुरीचा किमान दरच कमी ठेवायचा, किंवा तो वाढवून सरकारी कामांवरही तितकेच द्यायचे.

१९८८ च्या मध्यावर महाराष्ट्राने दुसरी वाट धरली. शेतमजुरीचे किमान दर एकदम वाढले. सर्वांत खालच्या परिमंडळातला ६ रुपयांचा दर १२ रुपये झाला आणि त्यापाठोपाठ रोजगार हमीवरचे भावही दुप्पट झाले. जूनमध्ये शंकरराव चव्हाण यांच्या जागी शरद पवार मुख्यमंत्री झाले. वाढीचे परिणाम निस्तरण्याचे काम त्यांच्या सरकारकडे आले.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे, मालकाने द्यायची मजुरी वाढली की तो माणसे कमी करतो. पण इथे मालक सरकार होते आणि कायद्याने त्याला माणसे कमी करण्याची मुभा नव्हती. मागेल त्याला काम, हीच तर हमी. मजुरी दुप्पट झाली तर कामावर येणाऱ्यांची संख्या वाढायला हवी होती, कारण आता कित्येक गावांत योजनेचा दर खाजगी शेतावरच्या मजुरीपेक्षा वर गेला होता. प्रत्यक्षात घडले ते उलटे. मनुष्यदिवस झपाट्याने घसरले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर १९ कोटींच्या आसपास असलेला आकडा दशक संपताना ८ कोटींच्या घरात आला.

यामागे काय होते? एक उत्तर सरकारी कचेऱ्यांतून मिळे : १९८८ चा पाऊस उत्तम झाला, शेतात काम होते, लोकांनी मागितलेच नाही. त्यात तथ्य होते. पण तेवढ्याने घसरण समजत नाही. रॅव्हेलियन, दत्त आणि शुभम चौधरी यांनी महिन्यामहिन्याची हजेरी, पाऊस आणि हंगाम यांचा हिशेब मांडून पाहिला. पावसाचा परिणाम बाजूला काढल्यावरही हजेरी अपेक्षेपेक्षा बरीच खाली होती. त्यांचा निष्कर्ष असा की दरवाढीनंतर कामांचे रेशनिंग सुरू झाले. मागणी होती, पण काम मिळत नव्हते. हमीचा कायदा शब्दशः तसाच राहिला आणि व्यवहारात ती हमी उरली नाही.

रेशनिंगसाठी कोणत्याही आदेशाची गरज पडली नाही. तहसीलदार नवे काम मंजूर करायला उशीर लावी. काम निघे ते लांब, दुसऱ्या टोकाच्या गावाला. किमान ५० मजूर जमले तरच काम काढायचे, ही जुनी अट आता काटेकोर पाळली जाई. जिथे पूर्वी वर्षाला तीन कामे निघत तिथे एक निघे. काम मागणाऱ्याला लेखी अर्जाची पोच मिळणे हीच पहिली अडचण होती, आणि पोच नाही म्हणजे बेकारभत्त्याचा दावाही नाही. अशा रीतीने कमी केलेली संख्या कुठल्याही मस्टरवर दिसत नाही. मस्टरवर फक्त आलेल्यांची नावे असतात. परत गेलेल्यांची नोंद ठेवणारे पुस्तक कोणत्याच कचेरीत नव्हते.

यातून काही जणांचे भले झाले, हेही सांगितले पाहिजे. ज्यांना काम मिळाले त्यांच्या हाती दुप्पट पैसे पडले आणि त्या पैशांतून घरात पोटभर जेवण आले. पण काम कोणाला मिळाले? राघव गैहा यांच्या अभ्यासातून दिसते की दरवाढीनंतर कामावर येणाऱ्यांत तुलनेने बऱ्या स्थितीतल्या घरांचा वाटा वाढला. जागा थोड्या आणि मागणारे फार, अशी वेळ आली की ओळख, जवळचे गाव, मुकादमाशी असलेला संबंध यांना किंमत येते. सर्वांत गरीब माणूस या तिन्ही बाबतीत मागे असतो. कमी दर असताना उन्हातले ते काम त्याच्यावाचून कोणाला नको होते, म्हणून त्याचे स्थान आपोआप राखले जाई. दर वाढल्यावर ते राखायला कोणी उरले नाही.

म्हणून १९८८ ची वाढ चूक होती, असे म्हणणारे अर्थशास्त्रज्ञ झाले. त्यांचा युक्तिवाद असा की कमी दराने सर्वांना काम देणे हे जास्त दराने निम्म्यांना देण्यापेक्षा गरिबांच्या हिताचे आहे. हा युक्तिवाद दुबळा नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : पैसा तेवढाच असणार. महाराष्ट्रात तसे नव्हते. योजनेसाठी वेगळे कर लावलेले होते आणि ते दरवर्षी वसूल होत होते. पुढच्या दशकात तर योजनेच्या नावाने जमणारी रक्कम योजनेवर होणाऱ्या खर्चापेक्षा जास्त होती. व्यवसाय कर देणाऱ्या पगारदाराने आपला हिस्सा भरला होता. कमी पडली ती कामे काढण्याची इच्छा. वाढीव दर आणि पूर्ण हमी या दोन्ही गोष्टी एकत्र पेलण्याइतका निधी राज्याकडे होता. राज्याने दर मान्य केला आणि हमी गुपचूप आवरती घेतली. या इतिहासातली सर्वांत दुःखाची बाब हीच आहे.

राजकीय बाजूने पाहिले तर याचे कारण समजते. दरवाढ जाहीर करता येते, तिची बातमी होते, विरोधी पक्षालाही तिला विरोध करता येत नाही. न मिळालेल्या कामाचा मजूर मात्र विखुरलेला असतो. याच काळात शेतकरी चळवळीचा जोर होता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे म्हणणे होते की शेतमालाला रास्त भाव मिळाल्याशिवाय शेतकऱ्याने वाढीव मजुरी द्यायची कुठून; भाव मिळाला तर मजुरी आपोआप वाढेल. कोरडवाहू शेतकऱ्याची तक्रार खरी होती. पण भावाचा प्रश्न सुटेपर्यंत मजुराने थांबायचे, असा तिचा अर्थ निघाला, आणि हंगामात मजूर मिळत नाही म्हणून हमीची कामे कमी करा, असे सांगणाऱ्या गावपुढाऱ्याला तो सोयीचा होता. खाजगी शेतावर किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी तशीही नावापुरतीच होती. सरकारी कामांचा आधार कमी झाला तेव्हा तिथला दरही पुन्हा बहुतांशी मालकाच्या हाती गेला.

१९९० नंतर योजनेचा निधी नव्या दिशेने वळला. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. आपल्या जमिनीत आंबा, डाळिंब, बोर, संत्रा लावणाऱ्या शेतकऱ्याला अनुदान मिळू लागले आणि सुरुवातीच्या मजुरीचा खर्च हमीतून निघू लागला. कोकणातल्या आणि सोलापूरच्या माळरानावर हजारो हेक्टर बागा उभ्या राहिल्या आणि राज्याच्या शेतीला त्याचा मोठा लाभ झाला. पण ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याच्यासाठी तो निधी आता दूर गेला. सामुदायिक कामे घटली आणि व्यक्तिगत लाभाची कामे वाढली. मजुरांच्या मोर्च्यांनी काम मागणे सोडले नाही; जिल्हाधिकारी कचेरीसमोर बायांची धरणी नव्वदच्या दशकातही होत राहिली.

देशपातळीवर २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्यासमोर होता आणि दराचा पेच पुन्हा तिथेच येऊन थांबला. कायद्याच्या सहाव्या कलमाने केंद्राला किमान वेतन कायद्याचा विचार न करता स्वतंत्र दर ठरवण्याचा अधिकार दिला आणि तोवर राज्याची किमान शेतमजुरी लागू राहील असे म्हटले. सुरुवातीची काही वर्षे मजुरीचा भार केंद्राच्या तिजोरीवर असल्याने राज्यांनी आपापले दर वाढवले. १ जानेवारी २००९ रोजी केंद्राने हा दुवा तोडला आणि योजनेचा दर गोठवला. कित्येक राज्यांत तो किमान शेतमजुरीच्या खाली गेला. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०११ मध्ये किमान वेतनच द्यावे लागेल असा निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये त्याला स्थगिती नाकारली. केंद्राने तरीही दोन्ही दर जोडले नाहीत.

२०१४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ एस. महेंद्र देव यांच्या समितीने योजनेचा दर आणि राज्याचे किमान वेतन यांतले जे जास्त असेल ते पायाभूत धरावे, अशी शिफारस केली. देव यांनी मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत काम करताना महाराष्ट्राच्या रोजगार हमीचा बारकाईने अभ्यास केला होता. त्यानंतरच्या नागेश सिंग समितीने दोन्ही दर जोडण्याची गरज नसल्याचे मत दिले आणि सरकारने ते मान्य केले. २०१९ च्या वेतन संहितेत १९४८ चा किमान वेतन कायदा सामावला गेला. देशभरासाठी एक तळाचा दर ठरवण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. ग्रामीण रोजगार हमीची मजुरी मात्र संहितेने स्पष्ट शब्दांत आपल्या कक्षेबाहेर ठेवली.